अठरा वर्षांचं पोरगं देऊन क्लोजर घेतला, बरोबर केलं काय? बेसबॉलवर वाचकांचे प्रश्न

काका, अमेरिकेतल्या सॅन डिएगो पाड्रेस टीमनं मेसन मिलरसाठी लिओ दे व्रिस दिला ते मला अजून पटेना. अठरा वर्षांचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला फील्डर), सगळ्या प्रॉस्पेक्टच्या म्हणजे होतकरू पोरांच्या याद्यांत वरच्या नंबरात, आणि त्याच्या बदल्यात कोण तर क्लोजर, मॅचच्या शेवटी एक इनिंग टाकणारा बॉलर. तुम्ही पाड्रेसवाले म्हणून गप्प बसलाय की काय? (बी.कॉम.चा विद्यार्थी, खानापूर)

गप्प कुठला रे. 2025 ची ट्रेडची (प्लेअर अदलाबदलीची) डेडलाइन 31 जुलैची, म्हणजे आपल्याकडं 1 ऑगस्टच्या पहाटे साडेतीनची, तोपर्यंत मी जागाच होतो आणि शिव्या घालायच्या त्या तेव्हाच घालून झाल्या. आता थंड डोक्यानं सांगतो.

ट्रेड झाला की आपण पहिल्यांदा नावं बघतो, कोण मोठा कोण बारका. माझं म्हणणं एवढंच की नावं जरा बाजूला ठेव आणि वर्षं मोज. पोरगा एकदा मेजर लीगला (सगळ्यात वरच्या लीगला) चढला की सहा वर्षांची सर्व्हिस भरेपर्यंत तो त्या टीमच्याच हातात असतो, पहिली तीनेक वर्षं जवळजवळ किमान पगारावर, मग आर्बिट्रेशनमधनं (लवादानं पगार ठरवायची पद्धत) पगार वाढत जातो आणि सहा भरली की फ्री एजंट, जिकडं जास्त पैसे तिकडं जायला मोकळा. म्हणजे टीम विकते किंवा घेते ती माणसाची उरलेली वर्षं.

2022 चं स्टार बॅटर हुआन सोटोचं प्रकरण घे. त्याच्या टीमनं, वॉशिंग्टन नॅशनल्सनी, त्याला 15 वर्षांचे 440 मिलियन डॉलर देऊ केले, त्यानं नको म्हटलं, मग 2 ऑगस्टला त्याला आणि जॉश बेलला पाड्रेसकडं पाठवलं. त्या वेळी सोटोचे अडीच सीझन उरलेले. बदल्यात गेली होतकरू पोरं, अब्राम्स, गोर, जेम्स वुड, हॅसेल, सुसाना आणि वर ल्यूक व्हॉइट. त्यातला अब्राम्स 2024 ला ऑलस्टार झाला, गोर आणि वुड 2025 ला. सगळे म्हणाले बघा पाड्रेस बुडाले. पण पुढचं कोण बघत नाही. 2023 च्या डिसेंबरात सोटोचं एकच वर्ष उरलेलं असताना पाड्रेसनी तो यांकीजला दिला, त्यात मायकल किंग आला आणि ड्रू थॉर्प आला, आणि तोच थॉर्प पुढं करून मार्चमध्ये व्हाइट सॉक्सकडनं पिचर (बेसबॉलचा बॉलर) डिलन सीस आणला, त्याची दोन वर्षं शिल्लक होती. आणि त्या सीसनं 25 जुलै 2024 ला नो-हिटर (समोरच्याला एकही हिट न देता अख्खी मॅच) टाकला, तोही कुणाविरुद्ध तर नॅशनल्सविरुद्धच! सोटो स्वतः नंतर मेट्सकडं गेला, 15 वर्षांचे 765 मिलियन. आणि एवढी पोरं घेऊनसुद्धा नॅशनल्स 2025 ला 96 मॅच हरले. मग सांग बघू कोण जिंकलं तो ट्रेड? मला तरी अजून सांगता येत नाही, आणि ज्यांना त्याच रात्री सांगता आलं होतं त्यांचं मला कौतुक वाटतं.

आता तुझा मिलर. तो 2029 पर्यंत टीमच्या हातात आहे, म्हणजे 2025 चा उरलेला सीझन सोडून चार पुरी वर्षं, हिशोब वाईट नाही, शिवाय त्याच ट्रेडमध्ये जे. पी. सीअर्सही आला. माझी खोड दुसरीकडं आहे. क्लोजर वर्षाला साठ-पासष्ट इनिंग टाकतो आणि टीमला 162 मॅचमध्ये चौदाशेच्या वर इनिंग टाकाव्या लागतात. ताशी शंभर मैलाच्या वर टाकणारा असला तरी साठच इनिंग ना ओ. स्टार्टर (मॅचची सुरुवात करून बऱ्याच इनिंग टाकणारा) असता तर मी दे व्रिस दिला असता, क्लोजरसाठी दिला नसता. पण मूर्खपणा म्हणणार नाही, कारण टीमची वेळ आत्ताची होती, आणि अठरा वर्षांच्या पोरानं वर येईपर्यंत आमचा स्टार मचाडो चाळिशीकडं झुकला असता. ऑक्टोबरमध्ये शिकागो कब्ज टीमनं तीन मॅचमध्येच आम्हाला घरी पाठवलं ती गोष्ट वेगळी.

सतरा-अठरा वर्षांच्या पोरावर एवढे पैसे आणि एवढा भरवसा कसा ठेवतेत हे लोक? (शेतकरी, उचगाव)

तुम्हाला हे विचारायची गरजच नाही खरं तर. बैल घेताना आदत (दुधाच्या दातांचा) घ्यायचा की दुसा (दोन दाती) की चौसा (चार दाती) हा विचार तुम्ही बाजारात करताच की, आदत खोंड स्वस्तात मिळतो आणि शर्यतीत पळेल न पळेल ते देवाला माहीत. (माणसाला बैल म्हटलं म्हणून रागावू नका, त्यांचे स्काउट 20 ते 80 असे मार्क देतात, चालणं बघतात, खांदा बघतात, बापाची उंची बघतात, ते याहून काय वेगळं नाही.)

आमच्याच टीमचं सांगतो. जून 2016 ला पाड्रेसनी जेम्स शील्ड्स नावाचा नामवंत पण उताराला लागलेला पिचर व्हाइट सॉक्सला दिला आणि बदल्यात एक सतरा वर्षांचं पोरगं मागून घेतलं ज्यानं तोपर्यंत एकही प्रोफेशनल मॅच खेळलेली नव्हती. ते पोरगं म्हणजे फर्नांडो टाटीस ज्युनियर. 2021 ला त्यालाच पाड्रेसनी 14 वर्षांचे 340 मिलियन दिले. आता उलटं बघा, 2013 च्या ड्राफ्टचा (टीमनी पाळीपाळीनं नवी पोरं निवडायची ती निवड) पहिला नंबर मार्क अपेल, कॉलेजचा तयार पिचर, धोका कमी म्हणून घेतलेला, तो मेजर लीगला पोचला 2022 मध्ये, तिशीत, आणि तेही दुसऱ्याच टीमकडनं. आणि माइक पियाझा 1988 ला 62 व्या राउंडला कुणीतरी ओळखीखातर घेतलेला, तो आज हॉल ऑफ फेममध्ये. म्हणून शहाण्या टीम एका पोरावर सगळं लावत नाहीत, एका मोठ्या प्लेअरसाठी चार-पाच मागतात, त्यातला एक लागला तरी पुरे.

आयपीएलमध्ये असे ट्रेड का होत नाहीत? आता कुठं जडेजा-सॅमसन झालं तर लोक वेडे झाले. (मोबाईल दुकानदार, निपाणी)

होतात, पण त्यांना दातच नाहीत. नोव्हेंबर 2025 मध्ये चेन्नईनं जडेजा आणि सॅम करन राजस्थानला दिले आणि सॅमसन घेतला, जडेजाची फी 18 कोटीवरनं 14 कोटीवर आली. वयानं बघितलं तर चेन्नई फायद्यात, सॅमसन एकतीसचा, जडेजा छत्तीसचा. पण पाच वर्षांचा फरक उपयोगाला कधी येणार, तर दर तीन वर्षांनी मेगा ऑक्शन येतं आणि मोजकी चार-सहा माणसं ठेवून बाकी सगळं परत हातोड्याखाली. 2024 च्या नोव्हेंबरात झालं, म्हणजे हा फेरा 2027 च्या सीझनपर्यंत. एकोणीस वर्षांचं पोरगं तुम्ही घेतलं, नेटमध्ये घडवलं, आणि तेविसाव्या वर्षी ते फुललं तर दुसराच पॅडल उचलून घेऊन जातो. मग कोण कशाला घडवेल ओ? ज्याला त्याला तयार माल पाहिजे.

बेसबॉलला ऑक्शन नाही. एकेका टीमच्या खाली ट्रिपल-ए, डबल-ए आणि सिंगल-एच्या दोन पायऱ्या, त्या खाली पुन्हा रूकी टीम, पोरगं चार-पाच वर्षं तिथंच शिजतंय. म्हणून ट्रेडला वजन येतं, समोरच्यानं चार वर्षं पोसलेलं तुम्ही मागताय.

अजून दोन फरक आहेत आणि त्यातला एक आपल्याकडं चांगला आहे. आयपीएलमध्ये प्लेअरला विचारल्याशिवाय ट्रेड होत नाही. तिकडं विचारत नाहीत, जेवायला बसलेल्याला फोन येतो की उद्यापासनं तू अमुक शहरात. नाही म्हणायचा हक्क फक्त ज्याच्या करारात तसं लिहिलेलं आहे त्याला, नाहीतर ज्याची दहा वर्षं झाली आणि त्यातली शेवटची पाच एकाच टीमकडं त्याला. मला हे कधीच आवडलं नाही, बायकापोरं असतात की माणसाला. दुसरं म्हणजे नुसते पैसे मोजून स्टार उचलायचा, जसा 2023 ला मुंबईनं हार्दिक परत नेला, तसं तिकडं सहसा चालत नाही. 1976 ला ओकलंडच्या मालकानं तीन स्टार 35 लाख डॉलरना विकायला काढले होते, फिंगर्स आणि रूडी बॉस्टनला, वायडा ब्लू यांकीजला, आणि कमिशनर बोवी कुन यांनी सगळे सौदे रद्द केले.

मुलगा पहाटे साडेपाचला उठून मॅच बघालाय, परीक्षा तोंडावर. ते असू दे, पण तो सारखा ‘छब्बीस मॅन, फॉर्टी मॅन, ऑप्शन’ असलं काय काय बडबडतोय, ते काय असतं? (गृहिणी, टिळकवाडी)

ताई, परीक्षेचं तुम्ही बघा, बडबडीचं मी सांगतो. मॅचला 26 जण तयार असतात. पण टीमच्या मोठ्या यादीत 40 नावं असतात, उरलेले खाली मायनर लीगला खेळत असतात आणि कुणाला दुखापत झाली की वर येतात. ऑप्शन म्हणजे त्या चाळीसातल्या प्लेअरला हवं तेव्हा खाली पाठवायची मुभा, ती तीन सीझनपुरती. तीन संपले की खाली पाठवण्याआधी बाकीच्या टीमना विचारावं लागतं की कुणाला हा पाहिजे काय, आणि तिथंच चांगली पोरं हातची जातात.

आता चाळीसात जागा नाही म्हणून पोराला वर्षानुवर्षं खाली कुजवत ठेवता येऊ नये म्हणून डिसेंबरात रूल फाइव्ह ड्राफ्ट असतो. अठरा किंवा त्याआधी घेतलेल्या पोराला पाच सीझन, एकोणीस किंवा पुढं घेतलेल्याला चार, तेवढ्यात चाळीसात घेतलं नाही तर दुसरी टीम एक लाख डॉलर भरून नेऊ शकते, अट एवढीच की अख्खा सीझन त्याला वरच्या 26 मध्ये ठेवायचं. पिचर योहान सांताना ह्यूस्टनकडनं 1999 ला असाच गेला, मिनेसोटाकडं पोचला आणि 2004 आणि 2006 ला साय यंग अवॉर्ड (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचं) घेतलं. चाळिसाव्या जागेवर कुणाला ठेवायचं हे ठरवणारा माणूस मला ट्रेड करणाऱ्यापेक्षा हुशार वाटतो, पण त्याचं नाव पेपरात येत नाही.

आणि वर्षं मोजण्यात लबाडीपण चालते बरं का. सर्व्हिसचे 172 दिवस भरले की एक वर्ष धरतात. 2015 ला कब्जनी क्रिस ब्रायंटला सुरुवातीचे थोडे दिवस खालीच ठेवला, त्याचे भरले 171. एका दिवसानं त्याची फ्री एजन्सी वर्षभर पुढं गेली. तो भांडला आणि 2020 ला हरला.

माझ्या पुतण्याचा थ्रो लई जोरात आहे, शाळेत भालाफेकीत पहिला येतोय. अमेरिकेत प्रॉस्पेक्ट होईल काय? (निवृत्त पीटी शिक्षक, चिकोडी)

सर, रस्ता अगदीच बंद नाही. 2008 ला आपल्याकडं एक टीव्हीवरची बॉल फेकायची स्पर्धा झाली होती, त्यातनं उत्तर प्रदेशचे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल ही दोन भालाफेकीची पोरं निवडली आणि नोव्हेंबरात पिट्सबर्ग पायरेट्स टीमनं दोघांना साइन केलं. रिंकूनं तिथं ताशी 87 मैलानं टाकलेला. दिनेशला 2010 मध्ये सोडलं, रिंकू सिंगल-ए पर्यंत चढला आणि पुढं कुस्तीच्या शोमध्ये गेला. म्हणजे हात होता, पण ज्या वयात डोमिनिकनची पोरं करारावर सही करतात, म्हणजे सोळाव्या वर्षी, त्या वयात यांनी बेसबॉल बघितलाही नव्हता. पुतण्या बाराचा असेल तर आत्तापासनं सॉफ्टबॉल-बेसबॉल खेळू दे आणि खांदा जपा, रोज जीव तोडून फेकायला लावू नका. सतराचा असेल तर भालाच बरा.

डॉजर्स पैशावर जिंकतात हे तुम्ही सरळ का लिहीत नाही? (येळ्ळूर)

लिहितो की. ओहतानीचे 700 मिलियन, त्यातले 680 पुढं ढकललेले, हे काय लपून आहे? पण 2025 च्या वर्ल्ड सिरीजच्या (फायनलच्या) सातव्या मॅचला अकराव्या इनिंगमध्ये टोरांटोविरुद्ध होमरन मारणारा विल स्मिथ हा 2016 च्या ड्राफ्टचा 32 वा, त्यांच्याच मायनर लीगमध्ये वाढलेला. आणि मॅक्स मन्सीला 2017 ला ओकलंडनं फुकट सोडला होता, तो यांनी मायनर लीगच्या करारावर उचलला. पैसा सगळ्यांकडं थोडाफार असतो, हे दोन कुणालाही मिळाले असते. आणि आमचे पाड्रेस 1969 पासनं खेळालेत, 1984 आणि 1998 असे दोनदाच वर्ल्ड सिरीजला पोचले आणि दोन्ही हरले. डॉजर्सवर जळायचं तर मी जळायला पाहिजे, तुम्ही कशाला जळालाय ओ?