सहा फुटी खाऱ्या पाण्याचा टँक: आधी पाण्याचा आणि विजेचा हिशेब

नमस्कार. तुम्ही ठाण्यात पाचव्या मजल्यावर राहता. दीडशे लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक दोन वर्षं नीट सांभाळलाय, त्यात क्लाउनफिशची जोडी आहे, आणि आता मुलीला ब्लू टँग हा निळा समुद्री मासा हवाय म्हणून 6×2×2 फुटांचा टँक करायचाय. स्लॅब पेलेल का, चिलर (पाणी गार करणारं यंत्र) लागेलच का, समुद्राचं पाणी चालेल का, प्रवाळ ठेवता येतील का, हे तुमचे प्रश्न. मुलुंडला आमच्या घरात याच मापाचा टँक अकरा वर्षं चालू आहे, त्यावरून लिहितो.

या मापात साधारण 680 लिटर पाणी मावतं. 12 मिलिमीटरची काचच सव्वाशे किलोच्या आसपास भरते. दगड, वाळू, स्टँड आणि खालचा संप (जिथे वरच्या टँकमधलं पाणी उतरतं आणि पंपानं परत वर जातं ती छोटी टाकी) धरला की सगळं मिळून अकराशे किलोच्या घरात जातं, तेही जेमतेम बारा चौरस फुटांवर. राहत्या खोलीचा स्लॅब आपल्याकडे चौरस मीटरला 200 किलो वापराचा भार धरून काढतात; टँकखाली तो आकडा हजारापर्यंत जातो. 200 हा आकडा सगळ्या खोलीभर पसरलेल्या भाराचा असतो, त्यामुळे टँक ठेवला की स्लॅब खचलाच असं नाही. पण जागा नीट निवडावीच लागते. खोलीच्या मधोमध नको, बाल्कनीत तर मुळीच नको. खाली बीम आहे अशी भिंत शोधा आणि टँक तिला लागून ठेवा. वरच्या मजल्यावरून गळती होते, छताचे पोपडे निघालेत अशी इमारत असेल तर हा बेत सोडून द्या. सोसायटीकडून इमारतीचे नकाशे घेऊन एका स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी बोलवा. त्याची फी या सगळ्या खर्चात सगळ्यात सार्थकी लागते.

लिफ्टही आजच मोजा. सहा फुटी टँक बहुतेक लिफ्टमध्ये जात नाही. जिन्याच्या वळणावर फिरतो का ते पुठ्ठ्याचा साचा करून बघा, आणि पाच मजले चढवायला सात-आठ माणसं धरा.

आता जे मला सगळ्यात कळकळीनं सांगायचंय ते. टँक सुरू केल्याच्या दुसऱ्या वर्षी, जूनमधल्या पहिल्या वादळी पावसात रात्री लाइट गेली. सव्वातीनला खालच्या काकूंचा फोन आला, त्यांच्या पंख्याच्या हुकातून पाणी ठिबकत होतं. बाहेर आलो तर हॉलभर खारं पाणी. संपातून पाणी वर चढवणाऱ्या पाइपाचं तोंड मी टँकमध्ये पाण्याखाली दहा सेंटिमीटर ठेवलं होतं. पंप बंद पडताच तोच पाइप उलटा वाहू लागला आणि वरचं पाणी खाली ओढत राहिला. या मापाच्या टँकमध्ये 1 सेंटिमीटर पातळी म्हणजे 11 लिटर. दहा सेंटिमीटरचे 110 लिटर खाली आले, संपात जागा होती चाळीसची. उरलेले सत्तर लिटर आमच्या फरशीवर आणि काकूंच्या छतात. पाइपाला चेक व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप, होता. दुसऱ्या दिवशी तो उघडला तर झडपेच्या कडेला नखाएवढी पांढरी, कडक नळी चिकटलेली होती. पाण्यातल्या एका किड्याचं चुन्याचं घर. तेवढ्यानं झडप मिटत नव्हती.

तेव्हापासून चेक व्हॉल्व्हवर मी भरवसा ठेवत नाही. पाइपाचं तोंड पाण्याखाली फार तर दोन सेंटिमीटर ठेवा आणि पातळीच्या लगेच खाली पाइपाला चार-पाच मिलिमीटरचं भोक पाडा. पाणी तिथवर उतरलं की हवा शिरते आणि ओढ तुटते. ते भोक शेवाळानं बुजतं, म्हणून दर आठवड्याला ब्रशनं साफ करायचं. पाणी खाली उतरायला एक नाही, दोन वाटा ठेवा. एकीत गोगलगाय अडकली तर दुसरी मोकळी हवी. मासे आणण्याआधी दिवसातून दोन-तीन वेळा स्वतः मेन स्विच बंद करून बघा. संप कुठवर भरतो ते पाहा आणि पंप चालू असताना संपातलं पाणी ज्याच्या वर जायला नको तिथे चिकटपट्टी लावा.

लाइट गेली की पाण्याआधी प्राणवायूची चिंता करायची. कोमट, खाऱ्या पाण्यात तो मुळातच कमी विरघळतो, आणि पाणी हलायचं थांबलं की मोठे मासे काही तासांत तोंड वर काढतात. घरच्या इन्व्हर्टरवर चिलर लावू नका, बॅटरी बघता बघता संपेल. डीसी मोटरचा वीसेक वॅटचा एक वेव्हमेकर (पाणी हलवत ठेवणारा छोटा पंप) पाण्याच्या पृष्ठभागाकडे तोंड करून लावा. 150 अँपिअर-अवरच्या बॅटरीवर तेवढा एकच चालवला तर दीड-दोन दिवस सहज निघतात. सगळी वीज 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागून (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) घ्या. प्रत्येक वायरीला सॉकेटच्या खाली झोळ द्या, म्हणजे ओघळ आला तरी सॉकेटात न जाता जमिनीवर पडेल.

चिलर हवाच. पंखे लावून पाणी गार करायची युक्ती पुण्या-नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात चालते, कारण तिथे पाणी भराभर उडतं. ठाण्यातल्या मे महिन्याच्या दमट हवेत ते उडतच नाही आणि टँक 31-32 अंशांवर जाऊन बसतो. आपल्याला 25-26 हवेत. चिलर स्वतः गरम हवा फेकतो, म्हणून तो स्टँडच्या कपाटात कोंडू नका, त्याचे पाइप बाल्कनीपर्यंत न्या.

समुद्राचं पाणी आणू नका. खाडीचं तर नकोच, पण अलिबागहून आणलेलंही नको. पावसाळ्यात त्याचा खारटपणा कोसळतो आणि सांडपाणी कुठून मिसळलंय ते कळत नाही. आरओचं पाणी आणि तयार मीठ, 35 पीपीटी (हजार भागांत 35 भाग मीठ). पहिल्या भरणीला सुमारे 25 किलो मीठ लागेल. घरच्या पिण्याच्या आरओत एक अडचण असते. चव यावी म्हणून त्यात टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) वाढवणारा व्हॉल्व्ह असतो, तो बंद करून पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषून घेणारे दाणे) लावा आणि मीटरवर शून्य दिसल्याशिवाय ते पाणी वापरू नका. तासाला बारा लिटरच्या यंत्राला 700 लिटरसाठी अडीच दिवस लागतात. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर येऊ लागले की रेझिन लवकर संपतं, मीटर बघत राहा. रोज उडालेल्या पाण्याच्या जागी बिनमिठाचंच पाणी घालायचं, कारण मीठ उडत नाही.

प्रवाळांबद्दल स्पष्ट लिहितो. सगळे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे, तसेच समुद्रघोडेही, 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाला जे संरक्षण आहे तेच त्यांना. लक्षद्वीप, मन्नारचं आखात किंवा मालवणचा दगड म्हणून कुणी ‘लाइव्ह रॉक’ (समुद्रातून काढलेला, जीवजंतू असलेला दगड) देऊ केला तर हात लावू नका. माझ्या डोळ्यांसमोर असा माल विकला गेलाय आणि त्याचं वाईट वाटतं, कारण मालवणच्या पाण्यात बुडी मारून मी तो जागेवर पाहिलेला आहे. कोरडा दगड घ्या. तीन-चार महिन्यांत त्यावर जांभळी झाक येऊ लागते.

टँक भरल्यावर मासे लगेच नकोत. जुन्या टँकमधला थोडा दगड आणि स्पंज नव्या संपात टाका, त्यातले उपयोगी जिवाणू वाढावेत म्हणून अमोनिया घाला, आणि एका दिवसात अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत थांबा. चार ते सहा आठवडे लागतात. तोवर जुना टँक चालूच ठेवा. आधी क्लाउन हलवा, मग एखाद-दोन शांत मासे. आणखी क्लाउन हवे असतील तर पैदाशीचेच मागा. ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रात त्यांचं प्रजनन होतं. ब्लू टँग सगळ्यात शेवटी. तो फूटभर वाढतो, सहा फूट ही त्याची किमान गरज आहे, आणि पांढऱ्या ठिपक्यांचा रोग पहिला त्यालाच धरतो.

म्हणून जुना टँक विकू नका. मोकळा झाला की तोच विलगीकरणासाठी ठेवा, त्यात फक्त पाइपाचे तुकडे आणि स्पंज फिल्टर. टँगला तिथे चार ते सहा आठवडे ठेवा. औषधात तांबं असतं, ते मोठ्या टँकमध्ये कधीच पडता कामा नये. मुलीला तोवर रोज त्याला नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) खायला घालू द्या, दोन आठवड्यांत तो तिच्या बोटांकडे यायला लागेल.

बीम कुठल्या भिंतीखालून जातो ते कळलं की लिहा, संपाची मापं मी काढून देतो.