शंका-समाधान : टल्सा, तेलावर वाढलेले शहर

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातील टल्सा या शहराविषयी वाचकांनी पाठवलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. काही प्रश्न एकाच विषयाचे होते, ते जोडून घेतले.

प्रश्न : टल्साला एके काळी ‘जगाची तेल राजधानी’ म्हणत. शहराच्या जमिनीखाली एवढे तेल होते का?

नाही. टल्सा वाढले ते शहराखालच्या तेलावर नव्हे, आजूबाजूच्या तेलावर. जून 1901 मध्ये पहिली विहीर लागली ती आर्कान्सा नदीच्या पलीकडे, रेड फोर्क या वस्तीत. विहीर तशी बेताचीच होती. खरा साठा हाती आला 22 नोव्हेंबर 1905 रोजी, शहराच्या दक्षिणेला दहा-बारा मैलांवर, आयडा ग्लेन या क्रीक या मूळ अमेरिकन जमातीच्या स्त्रीच्या शेतात. रॉबर्ट गॅलब्रेथ आणि फ्रँक चेस्ली यांनी तिथे सुमारे 1,480 फुटांवर तेल गाठले. हेच ‘ग्लेन पूल’ क्षेत्र. इथले तेल पातळ होते आणि त्यात गंधक कमी होते. चार वर्षांपूर्वी टेक्सासमध्ये स्पिंडलटॉपला लागलेले तेल जड आणि गंधकयुक्त निघाले होते. त्यामुळे केरोसीन आणि पेट्रोल काढणाऱ्या शुद्धीकरण कारखान्यांना ग्लेन पूलचे तेल अधिक सोयीचे पडले.

मग पैसा रेड फोर्कला किंवा शेजारच्या सपुल्पाला न जाता टल्सात का आला? आमच्या मते याचे उत्तर पुलात आणि रेल्वेत आहे. तेल नदीच्या एका काठाला आणि गाव दुसऱ्या काठाला होते. सरकारी पैशाने पूल होत नाही असे दिसल्यावर टल्सातल्या तिघांनी 1904 मध्ये स्वतःच्या पैशाने टोल घेणारा पूल बांधला. रेल्वे 1882 मध्येच आली होती. पुढे गावकऱ्यांनी आणखी मार्ग खेचून आणले. दिवसभर तेलक्षेत्रात राबलेले लोक संध्याकाळी गाडीने टल्सात परतत. हॉटेल, बँक, वकील, अवजारांची दुकाने, सगळे तिथेच होते. विहिरीजवळची वस्ती चिखल, आग आणि दारूच्या गुत्त्यांनी भरलेली असे. ज्याला कुटुंब आणायचे असे, तो टल्सात घर बघे.

लोकसंख्येचे आकडे पाहिले की वेग लक्षात येतो. 1900 मध्ये 1,390, 1910 मध्ये 18,182, 1920 मध्ये 72,075 आणि 1930 मध्ये 1,41,258.

प्रश्न : त्या काळी विहीर कशी खोदत? आणि ही क्षेत्रे इतक्या लवकर का आटली?

ग्लेन पूलच्या विहिरी फिरत्या बरम्याने नव्हे, दोराच्या हत्याराने पाडलेल्या आहेत. लाकडी मनोऱ्याखाली वाफेच्या इंजिनावर एक जाड तुळई खालीवर हलत असे. तिला जोडलेल्या दोराच्या टोकाला टनाहून जड पोलादी छिन्नी आणि दांडा. तो उचलायचा आणि सोडायचा, म्हणजे खडक फुटत जातो. काही फूट उतरल्यावर हत्यार वर ओढून घ्यायचे, तळाला झडप असलेली लांब नळी आत सोडायची आणि चुरा व पाणी उपसायचे. पुन्हा हत्यार आत. वाटेत पाण्याचा थर लागला की लोखंडी नळ बसवून तो बंद करायचा, मग आतून कमी व्यासाचे भोक पुढे न्यायचे. म्हणून विहीर खाली जाईल तशी अरुंद होत जाते. तेलाचा वाळूखडक लागला पण झिरप कमी वाटली, तर पत्र्याच्या डब्यांत नायट्रोग्लिसरीन भरून ते तळाशी उतरवत आणि स्फोट करून खडकाला भेगा पाडत.

बिघाड ठरलेले होते. दोर तुटला की हत्यार तळाशी अडके आणि ते आकड्याने पकडून काढण्यात दिवसच्या दिवस जात. नळ नीट बसला नाही की वरचे पाणी तेलाच्या थरात शिरे. हे नुकसान एका विहिरीपुरते राहत नसे. सोडून दिलेली विहीर बुजवली नाही, तर तिच्यातून उतरलेले पाणी शेजाऱ्यांचे तेलही बिघडवते.

क्षेत्रे लवकर आटली त्याला मात्र तंत्रापेक्षा कायदा जास्त कारणीभूत आहे. अमेरिकन न्यायालयांचा नियम असा होता की, आपल्या जमिनीतल्या विहिरीतून जो तेल वर काढील, तेल त्याचे. मग ते शेजाऱ्याच्या जमिनीखालून सरकत आलेले का असेना. शेजाऱ्याला एकच उपाय उरे : हद्दीलगत आपलीही विहीर पाडायची, तीही ताबडतोब. त्यामुळे गरजेच्या कितीतरी पट विहिरी झाल्या. भाव पडला तरी उपसा थांबवता येईना, टाक्या अपुऱ्या पडल्या आणि तेल उघड्या मातीच्या खड्ड्यांत साठवले गेले. तिथून ते उडून, झिरपून आणि वीज पडून जळून वाया गेले.

त्याहून मोठी नासाडी वायूची झाली. तेलाबरोबर येणाऱ्या वायूला तेव्हा गिऱ्हाईक नव्हते, म्हणून तो हवेत सोडला. पण तेलाला खडकातून विहिरीकडे ढकलणारा दाब त्याच वायूचा असतो. तो संपला की बरेचसे तेल खडकातच अडकून राहते. ओक्लाहोमाने 1915 मध्ये तेलाच्या उधळपट्टीविरुद्ध कायदा केला, पण तो नीट अमलात यायला फार वेळ गेला. ऑगस्ट 1931 मध्ये भाव कोसळल्यावर गव्हर्नर विल्यम मरे यांना विहिरी बंद करायला सैनिक पाठवावे लागले.

प्रश्न : ही जमीन मूळ रहिवाशांची होती असे वाचले. मग तेलाचे पैसे त्यांना मिळाले का?

काहींना मिळाले, पुष्कळांकडून ते काढून घेतले गेले.

क्रीक लोकांना 1830 च्या दशकात अलाबामातून हुसकावून इथे आणले होते. शेयेन अव्हेन्यूवर 18 व्या रस्त्याजवळ एक जुना ओक वृक्ष आहे. त्यांच्यातल्या लोचापोका गटाने 1836 मध्ये तिथे आपल्या गावाचा अग्नी चेतवला. शहराची सुरुवात तिथून झाली, म्हणून टल्साला जाणाऱ्याने आधी हे झाड पाहावे. पुढे संघराज्य सरकारने जमातीची सामाईक जमीन मोडून प्रत्येक सदस्याला 160 एकर वाटून दिले. क्रीक लोकांकडे पूर्वी गुलाम असलेल्या कृष्णवर्णीयांनाही आणि त्यांच्या वंशजांनाही हा वाटा मिळाला. जमिनीबरोबर खालचे तेलही त्या-त्या व्यक्तीचे झाले.

सारा रेक्टर या मुलीचे उदाहरण घ्या. तिच्या वाट्याला कुशिंगजवळची शेतीला निरुपयोगी समजली गेलेली जमीन आली. 1913 मध्ये तिथे दिवसाला 2,500 बॅरल देणारी विहीर लागली. भाडेपट्ट्यात मालकाचा हिस्सा साधारणपणे एक अष्टमांश असे. तेव्हाच्या भावाने तिला दिवसाला सुमारे 300 डॉलर मिळू लागले. वय अकरा वर्षे.

पण 1908 च्या कायद्याने अल्पवयीन मुलांच्या मालमत्तेचा कारभार काउंटी न्यायालयांकडे गेला आणि न्यायालये गोऱ्या पालकांची नेमणूक करू लागली. त्याच कायद्याने बऱ्याच प्रौढांच्या जमीनविक्रीवरचे निर्बंधही उठले. पालकत्वाची भरमसाट फी, नातलगांना कवडीमोलाने दिलेले पट्टे, न वाचता आलेल्या कागदावरचे अंगठे, अशा मार्गांनी हजारो एकर हातचे गेले. हा वारसाहक्काचा साधा व्यवहार नव्हता, ही कायद्याच्या आडून झालेली लूट होती.

टल्साच्या उत्तरेच्या ओसेज जमातीने वेगळी वाट धरली. 1906 च्या कायद्यात त्यांनी जमीन वाटली, पण खनिज हक्क जमातीकडेच सामाईक ठेवले आणि उत्पन्नाचे 2,229 समान हिस्से केले. हिस्सा सहज विकता येत नसे, वारसाने मात्र मिळे. 1920 च्या दशकात याच हिश्श्यांसाठी ओसेज लोकांचे खून पडले.

प्रश्न : एक दिवस हाताशी असेल तर काय पाहावे?

कामाचा दिवस निवडा. जुन्या इमारतींची खरी शोभा आतल्या दालनांत आहे आणि त्या अजून वापरात असल्याने शनिवार-रविवारी दारे बंद मिळू शकतात.

बोस्टन अव्हेन्यू आणि पाचवा रस्ता यांच्या चौकापासून चालायला लागा. रंगीत कौलांचे उतरते छप्पर असलेली इमारत म्हणजे फिलटॉवर, 1928 ची. मालक वेट फिलिप्स. त्यांनी आपली तेल कंपनी 1925 मध्ये 25 दशलक्ष डॉलरला विकली होती. समोरची फिलकेड इमारतही त्यांचीच. दोन्हींना जोडणारा भुयारी मार्ग रस्त्याखाली आहे. श्रीमंतांच्या अपहरणांचा तो काळ होता, म्हणून ही सोय. फिलकेडच्या आतल्या दालनाचे छत पाहायला विसरू नका.

एक चौक उत्तरेला मिड-कॉन्टिनेंट टॉवर आहे. इथे मिनिटभर थांबून नीट बघा. खालचे सोळा मजले तेलवाले जोशुआ कॉस्डन यांनी 1918 मध्ये बांधले. वरचे मजले 1984 चे आहेत, पण त्यांचा भार जुन्या इमारतीवर नाही. शेजारी स्वतंत्र पाया घालून नवा मनोरा उभा केला आणि तो जुन्या छपरावर चाळीस फूट पुढे काढला. टेराकोटाची नक्षी इतकी जुळवली आहे की सांधा शोधावा लागतो.

मग दक्षिणेला वळून तेराव्या रस्त्यापर्यंत चालत जा. बोस्टन अव्हेन्यू मेथडिस्ट चर्च 1929 चे आहे. आराखडा ब्रूस गॉफ आणि त्यांच्या कलाशिक्षिका एडा रॉबिन्सन यांचा. श्रेय कोणाचे किती यावर अजून वाद होतो. आर्ट डेको या त्या काळच्या भौमितिक नक्षीच्या शैलीतले चर्च म्हणून ते अमेरिकेत अग्रगण्य आहे आणि आमच्या मते शहरातली सर्वांत सुंदर वास्तू तीच.

यापुढे गाडी लागेल. फिलिप्स यांचा 72 खोल्यांचा इटालियन धाटणीचा वाडा, फिलब्रुक, त्यांनी 1938 मध्ये शहराला दिला आणि पुढच्या वर्षी तिथे कलासंग्रहालय उघडले. क्रीक वंशाचे तेल उद्योजक थॉमस गिलक्रीज यांच्या वाट्याचे 160 एकर ग्लेन पूलमध्येच होते. त्या पैशातून अमेरिकेच्या मूळ रहिवाशांविषयीचा मोठा संग्रह उभा राहिला. मात्र त्यांचे संग्रहालय नव्या इमारतीसाठी 2021 मध्ये बंद केले होते, म्हणून आधी चौकशी करून जा. पहिल्या विहिरीची जागा पाहायची असेल तर रेड फोर्कला रूट 66 च्या कडेला 194 फुटी तेलमनोऱ्याची प्रतिकृती उभी आहे.

प्रश्न : सोनेरी तेलकामगाराचा पुतळा किती जुना?

सध्याचा पुतळा 1966 चा. उंची 75 फूट, वजन 43,500 पौंड. आत पोलादी सांगाडा आहे. उजवा हात ज्या मनोऱ्यावर टेकलेला आहे तो खराखुरा, सेमिनोलच्या आटलेल्या क्षेत्रातून आणलेला. 1923 पासून टल्सात भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय पेट्रोलियम प्रदर्शनासाठी असा पुतळा पहिल्यांदा 1953 मध्ये उभारला होता. शेवटचे प्रदर्शन 1979 मध्ये भरले. पुतळा मात्र प्रदर्शनाच्या मैदानावरच राहिला.

प्रश्न : 1921 च्या हत्याकांडाचा तेलाशी संबंध होता का?

ग्रीनवुड ही कृष्णवर्णीयांची वस्ती तेलाच्या पैशानेच वाढली होती. तिथले लोक गोऱ्या टल्साच्या घरांत, हॉटेलांत, गॅरेजांत काम करून मजुरी मिळवत. वंशभेदामुळे गोऱ्यांची दुकाने त्यांना बंद होती, म्हणून ती मजुरी ग्रीनवुडमध्येच खर्च होई. त्यातून तिथे दुकाने, डॉक्टर, वकील, वर्तमानपत्रे आणि 54 खोल्यांचे स्ट्रॅडफर्ड हॉटेल उभे राहिले.

31 मे आणि 1 जून 1921 या दोन दिवसांत गोऱ्या जमावाने सुमारे 35 गल्ल्या जाळल्या. 1,256 घरे भस्मसात झाली. सरकारी नोंदीत 36 मृत्यू आहेत. अभ्यासकांचे अंदाज 300 पर्यंत जातात. दंगलीचे कलम दाखवून विमा कंपन्यांनी भरपाई नाकारली. पुन्हा बांधकाम होऊ नये म्हणून शहराने आगीचे कडक नियम लादले. बी. सी. फ्रँकलिन या वकिलांनी तंबूत कचेरी थाटून ते न्यायालयात रद्द करून घेतले आणि लोकांनी वस्ती स्वतःच्या बळावर पुन्हा उभारली. नंतर महामार्ग तिच्या मधून नेला, तेव्हा ती दुसऱ्यांदा मोडली.

तिथे जाल तेव्हा पायांकडे लक्ष ठेवा. पदपथात जळालेल्या दुकानांच्या नावांच्या पाट्या बसवल्या आहेत आणि दुकान पुन्हा उघडले की नाही हेही त्यावर लिहिले आहे. व्हर्नन चर्चचे तळघर त्या आगीतून वाचलेले आहे. ग्रीनवुड रायझिंग हे इतिहासकेंद्र 2021 मध्ये सुरू झाले. त्याला दोन तास तरी द्या.

प्रश्न : शहर नदीकाठी, तरी पाणी लांबून का आणले?

आर्कान्साचे पाणी गढूळ आणि खारट आहे. 1924 मध्ये स्पॅव्हिनॉ ओढ्यावर धरण बांधून सुमारे 55 मैलांच्या काँक्रीटच्या नळाने पाणी आणले. धरण उंचावर असल्याने ते उताराने, पंपाशिवाय येते.

प्रश्न : आज टल्सात तेलाचे काय उरले आहे?

बड्या कंपन्यांची मुख्यालये बहुतेक ह्यूस्टनला गेली. नदीच्या पश्चिम काठावर, जिथे 1913 मध्ये कॉस्डन यांचा शुद्धीकरण कारखाना झाला, तिथे शुद्धीकरण अजून चालते. टल्साची विल्यम्स कंपनी इंधन वाहून नेणाऱ्या नळांच्या, म्हणजे वाहिन्यांच्या, धंद्यात आहे. 1980 च्या दशकात तिने वापरातून गेलेल्या तेलवाहिन्यांत ऑप्टिकल फायबर घालून दूरसंचाराचे जाळे तयार केले. जमीन नव्याने खणायला नको आणि तारांना पोलादी कवच आयते मिळाले. शहराच्या पश्चिमेला सुमारे पन्नास मैलांवरचे कुशिंग हे जुने क्षेत्र आता टाक्यांचे आणि वाहिन्यांचे गाव आहे. न्यूयॉर्कच्या बाजारात 1983 पासून चालणाऱ्या अमेरिकन कच्च्या तेलाच्या वायदे सौद्यांचा माल तिथेच सुपूर्द होतो. वर्तमानपत्रात ‘वेस्ट टेक्सास’ म्हणून जो भाव छापतात, तो या गावातल्या टाकीपाशी मिळणाऱ्या तेलाचा असतो.