भाषा येते, मग पेपर का अडतो?

प्रश्न : नोकरीनिमित्त आम्ही परदेशात आलो. मुलगी सातवीत आहे. मैत्रिणींशी इथली भाषा फाडफाड बोलते, पण विज्ञान-इतिहासाच्या पेपरात अडते. गणितात हुशार, तरी गुण कापले जातात. शिकवणी लावावी का?
– एक आई

उत्तर : लावा, पण धडे घोकून घेणारी नको. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९मध्ये गप्पांची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांतला फरक मांडला. पहिली साधारण दोन वर्षांत जमते. दुसरीत वर्गाच्या बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागू शकतात. तेव्हा ‘एवढं बोलतेस, मग लिहिता का येत नाही?’ हे आधी थांबवा. (बाबांनाही सांगा!)

मी अशा मुलांना शिकवते. शिकवायला बसलं की पहिलं काम म्हणजे तपासलेला पेपर उघडणं. उत्तर बरोबर, पण पायऱ्या गाळल्या म्हणून गुण गेलेले असतात. युरोपातल्या बऱ्याच देशांत दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम असतो, भागाकाराची मांडणीही वेगळी. ‘कारणे द्या’ आणि ‘तुमचं मत मांडा’ यांतही मुलं गोंधळतात, कारण स्वतःचं मत आजवर कुणी विचारलेलंच नसतं! वर्गात हे विचारायला लाज वाटते, शिकवणीत एकटीला विचारता येतं.

शिकवणारी व्यक्ती मराठी जाणणारी मिळाली तर उत्तमच. संकल्पना मराठीत पक्की करून मग नव्या भाषेत लिहायला लावता येते. मात्र पैसे भरण्याआधी शाळेत चौकशी करा. नवागतांसाठी भाषेचे जादा तास अनेक शाळांत असतात.