पहिल्या लांबच्या ट्रिपआधी

ट्रकचं लायसन्स हातात आलं आणि पहिली लांबची ट्रिप पण ठरली, वाचून बरं वाटलं रे. सोबत काय काय घेऊ म्हणून विचारलंस. बॅगेचं शेवटी सांगतो, ते दहा मिनिटांचं काम आहे. गाडी चालवायला तू शिकलायस, पण गाडी उभी असताना काय करायचं ते कुणी शिकवलेलं नसणार, आणि ट्रकचे बरेचसे घोळ चालत्या गाडीत दिसतात पण त्यांची सुरुवात उभ्या गाडीत झालेली असते, काहीतरी बघायचं राहिलेलं असतं नाहीतर ठरवायचं राहिलेलं असतं.

उताराचंच घे. भरलेली गाडी उताराला लागल्यावर तू गियर कमी करायला गेलास तर कधी कधी गियर पडतच नाही, गाडी न्यूट्रलमध्ये मोकळी सुटते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक सारखा दाबून धरला की चाकातले ब्रेकचे ड्रम तापून फुगतात, त्यांना आतून घासणाऱ्या लायनरची पकड जाते, आणि हवेच्या ब्रेकमध्ये वाईट हे की पेडल पायाला नेहमीसारखंच लागतं, गाडी मात्र थांबत नाही. म्हणून माथ्यावरच वेग पाडायचा, खालचा गियर टाकायचा, इंजिन ब्रेक (इंजिनच्याच जोरानं गाडी आवरणारा) लावायचा, मग मध्ये मध्ये ब्रेक नीट दाबून वेग उतरवायचा आणि सोडून द्यायचा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे भेटतील, चांगले जुने ड्रायव्हर असतील, तरी ऐकू नकोस. आताच्या इंजिनात गियर टाकून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की डिझेल जायचंच बंद होतं, मग वाचवतोय काय? फक्त रस्ता ओला आणि गाडी रिकामी असेल तर इंजिन ब्रेक जपून वापर, मागची चाकं घसरतात.

झोपेचं मात्र नीट ऐक. ८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, चार सेकंद डोळा लागला तर जवळजवळ ९० मीटर गाडी कुणीच चालवत नव्हतं. काच उघडणं, गाणी मोठ्यानं लावणं, तोंडावर पाणी मारणं, सगळं करून झालंय माझं, पाच-दहा मिनिटं बरं वाटतं आणि मग आधीपेक्षा जोरात झोप येते. मागचे दोन-चार किलोमीटर कसे गेले ते आठवत नसेल तर तू अर्धा झोपलेलाच आहेस, नीट जागा बघ आणि थांब. कॉफी घे आणि लगेच १५-२० मिनिटं पड, कॉफीचा असर व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो, उठल्यावर थोडं चालून मग निघ. पण हा फक्त टेकू आहे, रात्रीची झोप यानं भरून निघत नाही. पहाटे दोन ते सहा शरीर झोपच मागतं, कितीही पक्का ड्रायव्हर असू दे. म्हणून कुठे थांबायचं ते निघण्याआधीच ठरव आणि मालकाला पोचायची खरी वेळ निघतानाच सांग, भिडेखातर दोन तास कमी सांगितलेस की ते दोन तास झोपेतूनच जाणार.

निघताना गाडीभोवती एक फेरी मार, रोज. टायर, जोड टायरमध्ये अडकलेला दगड, नटांपासून गंजाचे ओघळ आलेत का (आले असतील तर नट ढिला असू शकतो), आणि इंजिन बंद करून ब्रेकची हवा कुठे सुसकारतेय का ते कान देऊन ऐक. मालाचे पट्टे पहिल्या ५०-६० किलोमीटरनंतर परत आवळ, माल बसतो आणि पट्टा सैल पडतो.

रिव्हर्स घेताना शंका आली की खाली उतरून बघ, दोनदा उतर, लोक हसले तर हसू दे. मी एकदा उतरलो नाही, मागचा माणूस 'येऊ दे येऊ दे' करत होता, आणि वरच्या लोखंडी बीमकडे आम्हा दोघांचंही लक्ष नव्हतं. ताडपत्री फाटली, बॉडी वाकली, आणि भरपाई अर्थात माझ्याच पगारातून, त्या 'येऊ दे'वाल्याचं काही गेलं नाही.

आणि केबिनमधून उडी मारत जाऊ नकोस. तोंड गाडीकडे ठेवून, दांडा धरून, पायरी-पायरीनं. आत्ता वेडेपणा वाटेल, गुडघे माझ्यासारखे झाले की कळेल.

आता बॅग. बॅटरी (टॉर्च), हातमोजे, चमकणारं जॅकेट, पाणी, तुझी औषधं, जास्तीचा चार्जर, कागदपत्रं एकाच पिशवीत. केबिनला जाड पडदे लाव, दिवसा झोपायची वेळ येणारच. आणि उशी घरची घे, हसू नकोस, पहिले काही दिवस इंजिन बंद झाल्यावर जी शांतता होते ना त्यात झोप लागत नाही, तेव्हा ओळखीची उशी बरी पडते.