चुलत बहिणीच्या लग्नात मंगलाष्टकं म्हणायची आहेत. गाणं शिकलेलं नाही, महिनाभर हातात आहे. तयारी कशी करू?

गाणं शिकलेलं नाही, ही काळजी आधी सोडा. मंगलाष्टकं फसतात ती सुरापेक्षा वृत्तामुळे आणि घड्याळामुळे.

बहुतेक मंगलाष्टकं शार्दूलविक्रीडित या वृत्तात असतात. चार चरण, चरणात १९ अक्षरं, बाराव्या अक्षरानंतर यती, म्हणजे थांबा. साचा असा ('गा' म्हणजे लांब अक्षर, 'ल' म्हणजे आखूड): गागागा ललगा लगाल ललगा । गागाल गागाल गा. पहिला आठवडा शब्द बाजूला ठेवून नुसता हाच म्हणा. शेवटची सात अक्षरं म्हणजेच 'कुर्यात् सदा मंगलम्'. ती जिभेवर बसली की चरण कुठे संपतो ते आपोआप कळतं. श्वास घ्यायचा तो यतीवर आणि चरणाच्या शेवटी, मध्ये कुठेही नाही. बारा अक्षरं एका दमात जात नसतील तर लय वाढवा. शब्द मधेच तोडला की मांडवात बसलेल्या आजी लोकांना लगेच कळतं.

घरच्या कुणी नावं गुंफून रचलेली मंगलाष्टकं तुमच्याकडे येतीलच. ती आधी मोजून बघा, कारण नावं वाटेल तिथे बसत नाहीत. 'सायली' (गालगा) चरणाच्या शेवटी छान बसते. 'अनिकेत' (ललगाल) चौथ्या अक्षरापासूनच बसतो. 'प्राजक्ता' (गागागा) आली तर चरण तिच्यापासूनच सुरू करावा लागतो. अक्षर जास्त झालं तर रचणाऱ्या आत्यांना आठ दिवस आधी फोन करा. आदल्या रात्री सांगितलंत तर रुसवा ठरलेला.

चाल पारंपरिक ठेवा किंवा सोप्या रागावर बांधा. भूप निभावून नेतो. दुपारचा मुहूर्त असेल तर वृंदावनी सारंग, गोरज असेल तर यमन शोभतो. ताना-मुरक्या घेऊ नका, हे माझं स्पष्ट मत; अंतरपाटाशी हार धरून उभ्या असलेल्या दोघांचे हात भरून येतात. पट्टी, म्हणजे तुमचा 'सा' ज्या सुरावर धरायचा तो, स्वतःची घ्या. बायकांना साधारण पेटीची काळी चार-पाच, पुरुषांना काळी एक-दोन. वरचा षड्ज (वरचा 'सा') तिसऱ्या चरणात एकदाच लावा.

गुरुजी त्यांच्या पट्टीत म्हणतात आणि त्यांच्यामागून तुम्ही उभ्या राहता. त्यांचाच सूर धरलात तर दुसऱ्या चरणात आवाज चिरकतो किंवा बसतो. फोनवर तानपुऱ्याचं ॲप लावून एका कानात इयरफोन ठेवा. फोन फ्लाइट मोडवर, म्हणजे ऐन वेळी कुणा मामाचा 'पार्किंग कुठे आहे' असा फोन येणार नाही. शब्द मात्र फोनवर ठेवू नका, स्क्रीन बंद पडते. जाड कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहा, एका कार्डावर एकच, यतीच्या जागी लाल रेघ.

गुरुजींना आदल्या दिवशी तीन गोष्टी विचारा: मुहूर्त घड्याळाने किती वाजता, एकूण किती मंगलाष्टकं, तुमची पाळी कितवी. गणपतीचं पहिलं आणि 'तदेव लग्नं' हे शेवटचं बहुधा ते स्वतःच म्हणतात. मधल्या लयीत एकाला पाऊण मिनिट लागतं. 'शुभ मंगल सावधान' आणि अक्षता धरून मिनिटभर. १२:२३ चा मुहूर्त आणि सहा मंगलाष्टकं असतील तर १२:१७ ला सुरुवात हवी. तुमच्या वाट्याला तीन पुरेत.

साउंडवाल्याकडून वेगळा माइक मागा. गुरुजींचा हातातून हातात फिरवला की दोन-तीन सेकंदांची खडखड होते. माइक तोंडापासून चार बोटं, स्पीकरच्या समोर उभं राहू नका, शिट्टी बसते. सनई-चौघड्याची रेकॉर्ड शेवटच्या 'सावधान'नंतरच वाजवायची, हे त्याला दोनदा सांगा. तुमची जागा नवरा-नवरीच्या मागे नको, बाजूला हवी. अक्षता मागेच पडतात आणि लांब 'आ'कारात तांदूळ तोंडात जाऊन ठसका लागतो.

जेवण गाण्याच्या दोन तास आधी, हलकं. मांडवातलं सरबत-आइस्क्रीम नंतर. सकाळच्या विधींत होम असेल तर धुरापासून लांब बसा.

मुहूर्त गाठायला गुरुजींनी हाताने खूण केली तर चालू असलेलं पूर्ण करा आणि पुढचं सोडून द्या. म्हणून ज्यात दोघांची आणि आजी-आजोबांची नावं आहेत ते पहिलं म्हणा. गळलं तर तिसरं गळावं.