युरोपचा कायदा शिकून वडोदऱ्यात काय करणार?

नमस्कार ताई,

पत्र मिळालं, दोनदा वाचलं. लेक एम. एस. युनिव्हर्सिटीत बीएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला, तिचे बाबा नंदेसरीला डाय इंटरमिजिएट्सच्या, म्हणजे रंगांसाठी लागणारी रसायनं बनवणाऱ्या कंपनीत प्लांटवर, आणि आता ती म्हणतेय एमएस्सी नको, एलएलबी करायचं आणि पुढे युरोपियन युनियनचा कायदा शिकायचा. तुमचा प्रश्न असा की परक्या देशांचे कायदे शिकून दांडिया बाजारात राहणारी मुलगी करणार काय, आणि केमिस्ट्रीची तीन वर्षं पाण्यात गेली का.

पाण्यात अजिबात नाही गेली ताई, उलट ती केमिस्ट्रीच तिला उपयोगी पडणारे, पण त्यावर नंतर येते. आधी तिला या विषयाने का धरलंय ते समजून घ्या, म्हणजे घरातला अर्धा वाद तिथेच मिटेल.

आपल्या डोक्यात असं असतं की देशाचा कायदा देशाची संसद करते आणि दोन देशांत करार झाला तर तो सरकारांचा मामला, मोडला तर सरकारं भांडतील, तुम्ही-मी तो कागद घेऊन आपल्या कोर्टात जाऊ शकत नाही. युरोपात १९६३ साली हेच उलटलं. आणि केस कशाची होती तर युरिया-फॉर्मल्डिहाइडची! व्हॅन गेंड अँड लूस नावाच्या डच ट्रान्सपोर्ट कंपनीने तो माल पश्चिम जर्मनीतून आणला होता, डच कस्टमने त्याचं वर्गीकरण बदललं आणि ३ टक्क्यांच्या जागी ८ टक्के ड्युटी लावली. आता ज्यातून पुढे युरोपियन युनियन उभी राहिली त्या १९५७ च्या रोम करारात लिहिलेलं की सदस्य देशांनी आपसातली ड्युटी वाढवायची नाही. कंपनी म्हणाली मग ही कशी वाढवली? डच सरकारचं म्हणणं, करार देशांमधला आहे, तुमचा काय संबंध. लक्झेंबर्गच्या कोर्टाने, म्हणजे या करारावर निकाल देणाऱ्या युरोपच्या कोर्टाने, सांगितलं की संबंध आहे, या करारातून नागरिकांना आणि कंपन्यांना थेट हक्क मिळतात आणि देशातल्या कोर्टांनी ते राखायचे. पुढच्याच वर्षी इटलीतल्या कोस्ता नावाच्या वकिलाने विजेचं एक किरकोळ बिल भरायला नकार दिला, त्या केसमध्ये कोर्ट आणखी एक पायरी वर गेलं आणि म्हणालं की देशाचा कायदा आणि युरोपचा कायदा यांची टक्कर झाली तर युरोपचा चालेल. म्हणजे एक ड्युटीची पावती आणि एक लाइट बिल, आणि त्यावर आज सत्तावीस देशांची व्यवस्था उभी आहे. केमिस्ट्रीच्या मुलीला हे वाचून झोप लागली नाही तर मला त्यात काही नवल वाटत नाही.

आता हा कायदा देशांपर्यंत पोचतो कसा? मुख्य रस्ते दोन. एक रेग्युलेशन, तो ब्रुसेल्समध्ये पास झाला की सगळ्या सदस्य देशांत जसाच्या तसा लागू, कुठल्या संसदेने वेगळा कायदा करायची गरज नाही. दुसरा डायरेक्टिव्ह, त्यात काय साधायचं ते ठरलेलं असतं आणि मुदत दिलेली असते, कसं साधायचं ते प्रत्येक देश आपापल्या कायद्यात बसवतो. मुदत चुकली तर युरोपियन कमिशन, म्हणजे युनियनचा कारभार बघणारी संस्था, त्या देशाला कोर्टात खेचतं, आणि १९९१ पासून तर त्या चुकीने नागरिकाचं नुकसान झालं तर काही अटींवर सरकारला भरपाईही द्यावी लागते.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर तिच्या बाबांना ॲझो डाइजबद्दल विचारा. काही ॲझो रंग तुटले की त्यातून अमाइन्स नावाची कॅन्सरकारक रसायनं सुटतात. आधी एकट्या जर्मनीने १९९४ मध्ये कपड्यांत असे रंग नकोत असा नियम केला. मग एकाच बाजारात एका देशात बंदी आणि शेजारी मोकळीक हे कसं चालणार, म्हणून २००२ मध्ये युरोपचा डायरेक्टिव्ह आला, कपड्यात अशा अमाइनचं प्रमाण किलोमागे ३० मिलिग्रॅमच्या वर नको, आणि नंतर तोच नियम केमिकल्ससाठीच्या रीच नावाच्या रेग्युलेशनमध्ये गेला. म्हणजे एका देशाचा नियम आधी सगळ्यांचं उद्दिष्ट झाला आणि मग सगळ्यांचा थेट कायदा. गुजरातच्या रंग बनवणाऱ्यांना यातल्या प्रत्येक पायरीची झळ लागलीये, आपल्या केंद्र सरकारनेही नव्वदच्या दशकात अशा रंगांवर बंदी आणली. तुमच्या लेकीने प्रॅक्टिकलला ॲनिलीनचं डायझोटायझेशन करून बीटा-नॅफ्थॉलमध्ये ओतलं असेल, तो केशरी-लाल रंग झटकन उतरतो ना, त्याच कपलिंगच्या, म्हणजे दोन रेणू जोडून रंग तयार होण्याच्या मागे ही एवढी कायद्याची गोष्ट आहे. ती केमिस्ट्री येणारा माणूस कायदा वाचतो तेव्हा त्याला ते कलम का लिहिलंय ते दिसतं, नुसत्या वकिलाला ते दुसऱ्याकडून समजून घ्यावं लागतं.

रीच २००७ पासून लागू आहे. वर्षाला एक टन किंवा जास्त केमिकल युरोपात बनवायचं किंवा आणायचं तर हेलसिंकीच्या युरोपियन केमिकल्स एजन्सीकडे नोंदणी लागते, डेटा नाही तर बाजार नाही असं त्यांचं साधं तत्त्व आहे. वडोदऱ्याची कंपनी स्वतः नोंदणी करू शकत नाही, एकतर तिथला आयातदार करतो नाहीतर कंपनी तिथे आपला ओन्ली रिप्रेझेंटेटिव्ह, म्हणजे तिच्या वतीने नोंदणी करणारा प्रतिनिधी, नेमते. पण त्याला माहिती कोण पुरवणार? अशुद्धी किती, टेस्ट रिपोर्ट कुठला, मालाचे धोके आणि काळजी सांगणारी सेफ्टी डेटा शीट त्यांच्या नियमात बसते का, हे सगळं इथे बसून कोणीतरी करतं. आणि ब्रिटन बाहेर पडल्यावर २०२१ पासून ग्रेट ब्रिटनचं रीच वेगळं झालं, उत्तर आयर्लंडला मात्र अजून युरोपचंच चालतं, म्हणजे माल तोच, ड्रम तोच, पण कागद दोन. शिवाय खत, ॲल्युमिनियम, पोलाद यांच्यावर कार्बनचा हिशेब मागणारा युरोपचा सीबॅम नावाचा आयातीचा नियम आहेच. तेव्हा कायदा परक्यांचा असला तरी त्याचं काम तुमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर चाललेलं असतं.

आता ज्या गोष्टी कोणी स्पष्ट सांगत नाही त्या सांगते. भारतातलं एलएलबी आणि वर युरोपातलं एलएलएम एवढ्यावर ती लक्झेंबर्गच्या कोर्टात केस लढू शकणार नाही, त्यासाठी तिथल्या एखाद्या सदस्य देशात वकिलीची परवानगी लागते, तो वेगळा आणि लांबचा रस्ता आहे. युरोपियन कमिशनच्या कायम नोकऱ्या साधारणपणे तिथल्या नागरिकांसाठीच असतात, बाहेरच्यांना कमिशनच्या पाच महिन्यांच्या ट्रेनीशिपमध्ये थोड्या जागा मिळतात. एजंटने ब्रोशर दाखवून ब्रुसेल्सचं स्वप्न विकलं तर आधी हे दोन प्रश्न विचारा. बाकी शिष्यवृत्त्या खऱ्या आहेत, इरास्मस मुंडस आहे, ब्रुजचं कॉलेज ऑफ युरोप आहे, पण तिथे का चाललोय ते माहीत असलेला माणूस तिथून काहीतरी घेऊन येतो.

माझं मत असं की तिने बीएस्सी नीट पूर्ण करावं आणि लगेच एलएलबी न घेता वर्ष-दीड वर्ष रेग्युलेटरी अफेअर्समध्ये, म्हणजे माल नियमात बसवणाऱ्या खात्यात, काम करावं, वडोदरा-अंकलेश्वर पट्ट्यात केमिकल आणि फार्मा दोन्हीकडे ही खाती असतात, निर्यातवाल्यांसाठी कन्सल्टंट्स असतात. पगार सुरुवातीला तिच्या एमएस्सीवाल्या मैत्रिणींपेक्षा काही खास नसेल, हे तिलाही सांगा. त्यानंतरही कायद्याची ओढ तेवढीच राहिली तर एम. एस.च्याच लॉ फॅकल्टीत तीन वर्षांचं एलएलबी आहे, घरून जा-ये होईल. रेग्युलर कोर्स आहे, हजेरी लागते, तेव्हा नोकरी करत करत उरकू असं मनात धरू नका. आणि कामात लक्षात आलं की तिला कलमांपेक्षा टॉक्सिकॉलॉजीच, म्हणजे विषारीपणाचा अभ्यासच आवडतो, तर एमएस्सीचा दरवाजा उघडा आहेच. बाबांचा आग्रह आणि तिचा हट्ट दोन्ही एक वर्ष बाजूला ठेवता येतील.

पुढचं तिच्यासाठी, तिला वाचायला द्या. बाळा, महागडं सर्टिफिकेट घ्यायच्या आधी हे कर. बाबांच्या प्लांटमधला गुपित नसलेला, बाजारात सगळीकडे मिळणारा एक पदार्थ निवड, त्याचा कॅस नंबर, म्हणजे रसायनाचा ओळख क्रमांक, घे आणि युरोपियन केमिकल्स एजन्सीच्या वेबसाइटवर शोध, फुकट आहे. त्याचं वर्गीकरण काय, नोंदणी किती टनांच्या गटात, कुठलं बंधन लागू आहे ते लिहून काढ. मग त्याच पदार्थाची एखाद्या भारतीय पुरवठादाराची सेफ्टी डेटा शीट घे आणि दुसरा सेक्शन, जिथे धोके लिहितात, आणि पंधरावा, जिथे लागू कायदे लिहितात, हे दोन्ही शेजारी ठेवून ताडून बघ. बऱ्याचदा काहीतरी जुळत नाही. का जुळत नाही ते शोधायला रेग्युलेशनचा मूळ मजकूर युरोपच्या कायद्यांच्या साइटवर इंग्रजीत आहे, तिथे जाऊन कलम वाच, नुसता सारांश नको. आयुक्लिड हे डॉसियर, म्हणजे नोंदणीची फाइल, बनवायचं सॉफ्टवेअरही फुकट मिळतं, उघडून बघ. महिनाभर हे करताना कंटाळा आला तर तो कंटाळा खरा समज आणि मला तसं लिही. आणि रात्र कधी झाली कळलं नाही असं झालं तर तेही लिही.

ताई, एलएलबीचा फॉर्म भरायचा की नाही ते तिचं हे काम हातात आल्यावर ठरवू, तोवर बाबांना एवढंच सांगा की तिला त्यांच्या प्लांटबद्दल प्रश्न विचारायचेत, जरा वेळ काढून ठेवा.