मास्टर गार्डनरचे प्रमाणपत्र आणि बेळगावातला सल्ला

ताई, आपण अमेरिकेत मुलाकडे असताना मास्टर गार्डनरचे, म्हणजे विद्यापीठातर्फे लोकांना बागकामाचा सल्ला देणाऱ्या स्वयंसेवकाचे, प्रशिक्षण पूर्ण केले आणि आता टिळकवाडीत परतल्यावर शेजारीपाजारी झाडांच्या तक्रारी घेऊन येऊ लागले आहेत. दारावर तशी पाटी लावावी का, सल्ल्याचे पैसे घ्यावेत का आणि फवारणीची औषधे सुचवावीत का, असे आपले तीन प्रश्न आहेत.

पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर सरळ आहे. हा कार्यक्रम १९७२ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील विद्यापीठाच्या कृषी विस्तार विभागाने सुरू केला, कारण शहरांतल्या बागप्रेमींच्या प्रश्नांची उत्तरे देणे तिथल्या मोजक्या अधिकाऱ्यांना आवाक्याबाहेरचे झाले होते. स्वयंसेवक विद्यापीठाच्या वतीने बोलतो, म्हणून ती उपाधी त्या त्या राज्याच्या कार्यक्रमापुरतीच असते, ठरलेले सेवेचे तास आणि पुढचे शिक्षण चालू असेपर्यंतच टिकते आणि धंद्यासाठी किंवा जाहिरातीसाठी वापरता येत नाही. तेव्हा पाटी लावू नये. स्वतःच्या नावावर बागकामाचा व्यवसाय खुशाल करावा, मात्र त्यात ही उपाधी आणू नये, आणि विनामूल्य सल्ला देताना एखाद्याच रोपवाटिकेचे नाव पुढे करू नये.

तिसरा प्रश्न खरा जबाबदारीचा आहे. समजा, शेजारच्या काकू कुंडीतल्या संकेश्वरी मिरचीची फांदी घेऊन आल्या आणि ‘चुरडामुरडा झालाय, काय मारू?’ म्हणाल्या. चुरडामुरडा म्हणजे पाने आक्रसून वळणे. पाने वरच्या बाजूला वळून द्रोणासारखी झाली असतील तर बहुधा फुलकिडे, म्हणजे पानांचा रस शोषणारे बारीक किडे, असतात; कडा खाली वळल्या असतील तर कोळी, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारी कोळ्याच्या जातीची कीड, असण्याचा संभव अधिक. भिंगातून पानाची खालची बाजू पाहिल्याशिवाय एक शब्दही बोलू नये, कारण फुलकिड्यांवरची बरीचशी कीटकनाशके कोळ्यांवर चालत नाहीत आणि उलट कोळ्यांना खाणारे मित्रकीटक मात्र मरतात. घरच्या झाडांसाठी मी आधी रोगट शेंडे खुडायला आणि पाच टक्के निंबोळी अर्क फवारायला सांगतो. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळीचा भरडा रात्रभर भिजवून गाळून घ्यावा.

रासायनिक औषधाचा विषय निघालाच तर त्या पिकासाठी लेबलवर जे लिहिले आहे त्यापलीकडे जाऊ नये. डब्यावरचा त्रिकोण लाल असेल तर ते अतिविषारी आहे, हे दाखवून द्यावे. फवारणीनंतर तोडणीपर्यंत किती दिवस थांबायचे तेही वाचून दाखवावे. शेतातून उरलेले औषध घरच्या बागेत मारण्याची आपल्याकडे फार वाईट सवय आहे, आणि मोनोक्रोटोफॉस हे विषारी कीटकनाशक भाजीपाल्यावर वापरण्यास बंदी असूनही अनेकांना ते ठाऊक नसते. अशा वेळी भिडेखातर गप्प बसणे मला अजिबात मान्य नाही.

तिकडे शिकलेले इथे जसेच्या तसे लावू नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. खानापूर, जांबोटीकडच्या भरपूर पावसाच्या तांबड्या मातीत चुना घालणे उपयोगी ठरू शकते. तोच चुना अथणी, रायबागकडच्या काळ्या जमिनीत घातला तर लोह मिळेनासे होऊन कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मातीची तपासणी झाल्याखेरीज खताचे प्रमाण सांगू नये.

आपले क्षेत्र परसबागेपुरते ठेवावे. कडोलीचा भाजीवाला शेतकरी किंवा चिकोडीचा ऊस उत्पादक विचारू लागला तर त्याला कृषी विज्ञान केंद्राकडे, धारवाडच्या कृषी विद्यापीठाकडे किंवा अरभावीच्या उद्यानविद्या महाविद्यालयाकडे पाठवावे. त्याचे वर्षाचे उत्पन्न आपल्या अंदाजावर टांगू नये. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा विनाशुल्क क्रमांकही द्यावा. झाड तोडण्याबद्दल विचारले तर कर्नाटकात १९७६ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागू शकते, एवढे सांगून वन खात्याकडे बोट दाखवावे.

आणि पावसाळ्यात कोणी रानातली अळंबी दाखवून ‘ही खाऊ का?’ म्हणाले, तर ओळखीची वाटली तरी ‘खा’ म्हणू नये. झाडपाल्याच्या औषधी उपयोगाबद्दलही तेच. दिलेल्या प्रत्येक सल्ल्याची तारीख, झाड, लक्षण आणि सांगितलेला उपाय वहीत टिपून ठेवावा, म्हणजे तक्रार पुन्हा आली तर आधी काय केले होते ते नेमके समोर असते.